मामांचे तीन मुजरे

माणसांपेक्षा बदकांची अधिक अदब राखणारा दरबारी नोकर अख्ख्या ग्वाल्हेरीत एकच झाला, आणि तो नेमका माझ्या यजमानांचा मामा निघाला. शिकारखान्यात त्यांचं काम एवढंच की थंडीत गावाबाहेरच्या तळ्यावर कुठे किती पाखरं उतरली ते कळवायचं, म्हणजे पाहुण्यांच्या बंदुका तिथे न्यायच्या. मामा कळवत, पण सोयरिकीचं पत्र लिहावं तसं: चक्रवाक सपत्नीक पोचले, प्रवासाने शिणलेले दिसतात. घरात त्यांच्यासमोर शिंकायची चोरी. कुणी पाट सरकवला तरी यांचं बोट ओठावर. एकदा दाल बाजारात दोन गाडीवाल्यांची जुंपली, तर हे मध्ये जाऊन तसेच बोट लावून उभे राहिले. दोघे इतके गांगरले की आपापली गाडी हाकत चालते झाले.

माझ्या लग्नाला वर्षही झालं नसेल. एका दुपारी मामांनी आम्हा दोघांना टांग्यात घालून तळ्यावर नेलं. लव्हाळ्यांच्या आड चिखलात उकिडवं बसवलं, बांगड्या वाजू नयेत म्हणून मला हात पदरात गुंडाळायला लावले. समोर बदकं इतकी, की पाणी दिसेना. लाल पगडी पाखरांना दुरून दिसते, म्हणून मामा बोडकेच. पगडी मांडीवर, पंचाखाली. बराच वेळ बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "सूनबाई, परवा पाहुणे यायचेत बंदुका घेऊन. जागा पसंत करायला शिकारखान्याचे सरदारसाहेब आज स्वतः येताहेत. त्यांनी हे बघितलं, की संपलं."

थोड्या वेळाने मागच्या बांधावर सरदारसाहेब दिसले. मामा ताडकन उठले, पगडी चढवली, आणि घरात कुणी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात "मुजरा, सरकार" म्हणून गरजले. कमरेत वाकून एक, दोन, तीन. पहिल्याला अलीकडची पाखरं उठली, दुसऱ्याला मधली, आणि तिसऱ्याला जणू तळंच उठून गेलं. सरदारसाहेब लालबुंद झाले, पण मुजरा केला म्हणून दरबारात कुणाला कसं रागवायचं, ते त्यांनाही सुचेना. अशी बिचकलेली पाखरं चार-आठ दिवस तरी परतत नाहीत. पाहुण्यांना किल्ला दाखवून वाटेला लावलं.

टांग्यात मी विचारलं, "मामा, गडबडीत झालं ना हो?"

"मुजरा कधी गडबडीत होतो का, सूनबाई?" एवढंच म्हणाले.

पंधरवड्यात त्यांची बदली शहरात, लष्कर भागातल्या कचेरीत झाली, कागदांच्या गठ्ठ्यांत. पुढल्या थंडीत मीच म्हटलं, आता सुट्टीच्या दिवशी तळ्यावर पाखरं नुसती बघायला जाऊ या, दशम्या बांधून घेते.

मामा म्हणाले, "तुम्ही जा दोघं. मला त्यांनी ओरडताना पाहिलंय."