मिक्सरमधलं पुरण

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खानदेशात पितरांना पुरणपोळीचा घास देतात. यंदा त्या दिवशी धुळ्याची नणंद बमरोलीला आमच्याकडे आली होती. मी मिक्सरमध्ये पुरण वाटायला घेतलं, तर ती म्हणाली, "वहिनी, पाट्यावर वाट. मिक्सरचं पुरण पितरांना चालत नाही."

मी म्हटलं, "पितर म्हणजे तुझी आईच ना? वाटून वाटून तिचे खांदे गेले. शेवटी तिची वेणीसुद्धा मीच घालायचे. पाटा मोरीजवळ पडलाय. हौस असेल तर तूच बस."

ती काही बसली नाही. मी त्याच पुरणाच्या पोळ्या केल्या आणि पहिला घास सासूबाईंच्या नावाने निखाऱ्यावर ठेवला. त्यांना निदान आता तरी आयतं मिळू दे.