बाबांना मी सांगितलेली तपासणी

मंडळी, सकाळची गोष्ट मनातून जात नाही, म्हणून लिहितेय.

माझे बाबा कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. संपानंतर गिरणी पुन्हा सुरू होणार असं सांगत राहिले, पण त्यांना परत बोलावणं आलंच नाही. हल्ली ते माणसांची नावं विसरतात. परळच्या एका हॉस्पिटलात मेंदूच्या अभ्यासासाठी वयस्कर माणसं हवी होती. मी बाबांना म्हटलं, "तपासणी आहे, चला."

मशीनमध्ये आडवं पडून पडद्यावरचे आकडे लक्षात ठेवायचे आणि खूण दिसली की ठरल्या क्रमाने बोटं हलवायची. बाबा खुशीत बाहेर आले. "आकडे चुकले गो. पण बोटां नाय चुकली. धागो सांधूची सवय हा त्यांका."

मग तिथल्या मुलीला त्यांनी विचारलं, "रिपोट कधी गावतलो?"

"आजोबा, आम्ही रिपोर्ट देत नाही. हे फक्त संशोधन आहे. फॉर्ममध्ये लिहिलंय तसं."

मला वाटलं, फसवलं आपल्याला. पण ती ओळ मी वाचली होती. काही वाईट दिसलं तर सांगतीलच, असं मनाशी धरून चालले होते. बाबांनी माझ्या भरवशावर सही केली.

"तुका ठावक होता?" बाबांनी विचारलं.

मी "हो" म्हटलं.

आम्ही भोईवाड्यापर्यंत आलो. तिथे ते म्हणाले, "गिरण चालू होतली म्हणून सांगणाऱ्यांका पण ठावक होता."

आता त्यांना खरोखर डॉक्टरकडे न्यायचंय. "तपासणी आहे, चला," हे पुन्हा कोणत्या तोंडाने म्हणू?