तिसरा स्टड

कुंडलिक मिस्त्री मूळचा कन्हेरीचा. बाप लोहार, भाता आणि ऐरण एवढीच इस्टेट. पोर सोळा वर्षांचं झालं तेव्हा बापानं त्याला पुण्याला कॅम्पातल्या एका मोटारीच्या कारखान्यात चिकटवलं. तिथं तेरा वर्षं काढून तो १९३१ साली परत आला आणि बारामतीला स्टेशनच्या रस्त्यावर पत्र्याची शेड टाकून बसला. गुऱ्हाळांची ऑइल इंजिनं, विहिरीवरचे पंप, उतारूंच्या सर्व्हिस मोटारी, जे येईल ते तो दुरुस्त करी. माणूस बोलायला कमी. इंजिन चालू करायचा, लाकडी दांडक्याचं एक टोक त्यावर टेकवायचा, दुसरं कानाला लावायचा आणि डोळे मिटून ऐकत राहायचा. मग एका वाक्यात दुखणं सांगायचा. ते बहुतेक बरोबर निघायचं. त्याची बायको बनाबाई म्हणायची, घरी माझं बोलणं ऐकायला पण दांडकं लावा जरा.

१९३६ च्या दिवाळीनंतर इंदापूरच्या बापूसाहेबांची मोटार बैल जुंपून ओढत त्याच्या शेडमध्ये आली. बापूसाहेब मोसंबीचे बागायतदार. वय तिशीचं, हौस दांडगी. विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून त्यांनी ती पुण्यात विकत घेतली होती. दहा-अकरा वर्षांची जुनी, शर्यतीच्या बांध्याची, लांब नाकाची, पुढं दोनच माणसं बसतील अशी. नवी होती तेव्हा वाऱ्याशी स्पर्धा करत असेल. आता चार मैल गेली की रेडिएटरमधून उकळी फुटायची आणि धापा टाकत थांबायची.

कुंडलिकनं तळाचं बूच काढून तेल पाहिलं. ते ताकासारखं पांढरट झालं होतं. म्हणजे पाणी तेलात उतरत होतं. रेडिएटरचं झाकण काढून इंजिन फिरवलं तर पाण्यात बुडबुडे. म्हणजे जळता वायू पाण्यात घुसत होता. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, आणि खालचा ठोकळा यांच्यामधली तांब्याची गास्केट दोन सिलिंडरांच्या मध्ये जळून गेली असणार, हे त्यानं हेड उघडायच्या आधीच ओळखलं. उघडल्यावर दुखणं त्याहून जुनं निघालं. आधीच्या कुणीतरी गळती थांबवायला शेंदूर-सफेता फासला होता, नट वेडेवाकडे आवळले होते आणि त्या ताणानं बिडाचं हेडच वाकलं होतं. दोन व्हॉल्व्हांच्या मध्ये केसाएवढी चीरही होती.

नवं हेड मिळणार कुठून? ज्या कारखान्यानं ही गाडी बनवली तो बंद पडून चार वर्षं झाली होती. बापूसाहेब म्हणाले, मिस्त्री, तुम्हीच काय ते करा.

कुंडलिकनं केलं. चिरेच्या दोन्ही टोकांना भोकं पाडून ती पुढं सरकायची थांबवली. मग चिरेवर एकाला खेटून एक अशी भोकं पाडली, त्यांना आटे पाडले, तांब्याचे खिळे पिळून बसवले आणि ठोकून सपाट केले. वाकलेलं हेड सरळ करायला एक जाड काच आणली, तिला तेलात कालवलेलं काजळ फासलं आणि हेड त्यावर अलगद घासलं. जिथं काळं लागेल तिथं उंचवटा. तेवढाच खरवडायचा, पुसायचा, पुन्हा काचेवर ठेवायचं. असे एकोणीस दिवस. शेवटी सगळ्या पृष्ठभागावर सारखे काळे ठिपके उठले, तेव्हा त्यानं बनाबाईला शेडमध्ये बोलावून दाखवलं. तिला त्यातलं काही कळलं नाही, पण नवरा हसतोय हे कळलं.

गास्केट त्यानं स्वतः कापली. तांब्याचा पत्रा लालबुंद तापवून पाण्यात बुडवला की मऊ पडतो. तसा मऊ करून बसवला आणि मधल्या नटापासून बाहेर बाहेर, थोडं थोडं, तीन फेऱ्यांत सगळे नट आवळले.

शेवटच्या फेरीत मधल्या रांगेतला तिसरा स्टड पान्याखाली किंचित मऊ लागला. स्टड म्हणजे ठोकळ्यात रोवलेला लोखंडी दांडा. त्याच्याच जोरावर हेड दाबून बसतं. वर्षानुवर्षं पाणी मुरून त्याच्या खालचे आटे गंजले होते. हेड पुन्हा उतरवायचं, भोक मोठं करायचं, नवे आटे पाडून जाड स्टड घडवायचा, म्हणजे आणखी चार दिवस. आणि बापूसाहेब शेडच्या दारात पाहुण्यांना घेऊन उभे होते. तीन महिने थांबलेला माणूस. इंजिन चालू केलं. एक बुडबुडा नाही, तेल स्वच्छ, आवाज तबल्यासारखा. कुंडलिकनं मनाशी म्हटलं, नवी गास्केट दबली की दोनशे मैलांनंतर नट पुन्हा आवळायला जायचंच आहे, तेव्हा बघू. त्यानं बापूसाहेबांना सांगितलं ते एवढंच, की दोनशे मैल जपून चालवा, मग मी येतो.

माघ संपता संपता तो इंदापूरला गेला. आदल्या संध्याकाळी पोचला, बापूसाहेबांच्या बागेतल्या खोलीत मुक्काम केला आणि सकाळी गार इंजिनावर पाना घेतला. एकेक नट चांगला लागला. तिसऱ्यावर पाना ठेवला आणि तो लागेचना. नुसता फिरत गेला. आटे गेले होते. त्यानं नट बोटानं नुसता टेकवून ठेवला. बापूसाहेबांना सांगायचं, गाडी हळूहळू बारामतीला न्यायची आणि या खेपेस नीट करायचं, असा विचार करून तो हात पुसत होता, तोवर गेणबा धावत आला.

गेणबा बागेतला माळी. त्याची बायको छबूबाई दोन दिवस अडली होती. सुईण थकली होती. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाहून सांगितलं होतं की पोटातलं मूल आडवं आहे, हे इथलं काम नव्हे, बारामतीला शस्त्रक्रिया करणाऱ्या बाई आहेत, त्यांच्याकडे दुपारच्या आत न्या.

बारामती बत्तीस मैल. सर्व्हिस मोटार चावडीपुढं उभी होती, सुटायच्या बेतात. पण ती कळसवरून वळसा घेत, ठिकठिकाणी थांबत जायची, तिला साडेतीन तास लागायचे. बापूसाहेबांनी आपणहून स्वतःच्या गाडीकडे बोट केलं. मग कुंडलिककडे पाहिलं.

"मिस्त्री, गाडी जाईल ना?"

गेणबा पण त्याच्याकडेच बघत होता. कुंडलिकच्या जिभेवर स्टडची गोष्ट आली होती. पण त्याच्या डोळ्यांपुढं ते एकोणीस दिवस उभे राहिले, ती काच, ते सारखे ठिपके. एक स्टड ढिला असला तरी बाकीचे धरून ठेवतील, सव्वा तासाचा तर रस्ता, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

"जाईल," तो म्हणाला. "मीच नेतो."

सर्व्हिस मोटारवाल्यानं छबूबाईसाठी थोडं थांबायची तयारी दाखवली होती. गेणबानं त्याला जा म्हणून सांगितलं.

शेजारच्या बैठकीवर गेणबाची आई धोंडाबाई बसली आणि छबूबाईला तिनं मांडीवर आडवी घेतली. गेणबा पायरीवर दाराला धरून उभा राहिला. निमगाव केतकीपर्यंत कुंडलिकनं गाडी ताशी वीस मैलांच्या वर जाऊ दिली नाही. कान सारा इंजिनात होता. छबूबाई ओरडत नव्हती. खड्ड्याखड्ड्याला नुसता श्वास आत ओढायची. धोंडाबाई तिच्या कपाळावर ओला पदर फिरवत होती. पुढं छबूबाईचे डोळे फिरायला लागले, तेव्हा गेणबा वाकून म्हणाला, मिस्त्री, जरा जोरात घ्या.

त्यानं घेतली. तीस, पस्तीस. गाडी अशी पळाली की जणू तिला कसलं दुखणंच नव्हतं. लासुर्णं मागं पडलं. तिथून मैलभरावर त्याला ती शीळ ऐकू आली. बारीक, थेट मधल्या दोन सिलिंडरांमधून. मग खाडखाड, मग वाफ. गाडी कालव्याच्या पुलाजवळ थांबली.

त्यानं इंजिनावरचं झाकण उचललं. तिसरा स्टड नटासकट वर उचलला गेला होता. तप्त नटाला फडकं लावून त्यानं तो धरला, तर आख्खा दांडा हातात आला. खालच्या आट्यांचा लाल भुगा त्याला चिकटला होता. गेणबानं ते पाहिलं, पण त्याला त्यातलं काय कळणार? त्यानं विचारलं, किती वेळ लागंल?

कुंडलिकनं पुढं जे केलं ते दुसऱ्या कोणाही मिस्त्रीला सुचलं नसतं. दांड्याला तांब्याची तार गुंडाळून तो ठोकून भोकात बसवला, गळणाऱ्या दोन्ही सिलिंडरांचे प्लग काढून टाकले, कालव्याचं पाणी भरलं आणि चारांपैकी उरलेल्या दोनावर गाडी चालवली. ती बैलगाडीच्या चालीनं सणसरपर्यंत आली आणि तिथं पुरती बसली. हाताची कातडी सोलली होती, ते त्याच्या ध्यानातही नव्हतं.

सणसरच्या एका शेतकऱ्यानं बैल सोडायच्या वेळेला पुन्हा जुंपून दिले. छकड्यात कडबा पसरला. कुंडलिक आणि गेणबा दोन्ही बाजूंनी चालत होते. दुपार झाली, तिसरा प्रहर झाला. काटेवाडी ओलांडल्यावर धोंडाबाईनं गाडीवानाला थांबायला सांगितलं. तिनं सुनेच्या तोंडावरची माशी हाकलली, पदर नीट केला, आणि म्हणाली, "आता घाई नगं."

सर्व्हिस मोटार तिच्या वेळेवर, दुपारी एकच्या आत बारामतीला पोचली होती.

कुंडलिकला कोणी बोल लावला नाही. त्यानं जिवाचं रान केलं, असंच सगळे म्हणाले. बापूसाहेबांनी तर चारचौघांत त्याचं कौतुक केलं. जुनं यंत्र ते, कधी दगा देईल कोण सांगणार. बाई डॉक्टरांना तो स्वतः जाऊन विचारून आला, की किती वाजता आणली असती तर? त्या म्हणाल्या, दोनपर्यंत आली असती तर मी प्रयत्न केला असता. वाचली असतीच असं नाही. हे शेवटचं वाक्य त्याला आधार देण्यासाठी होतं. त्यानं ते घरी येऊन बनाबाईला सांगितलं आणि त्याच दमात स्टडचंही सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला सांगून काय हुतंय? ज्यांचं माणूस गेलं त्यास्नी सांगा."

तो महिनाभर जाऊ शकला नाही. गेला तेव्हा गेणबा मोसंबीची आळी भरत होता. मिस्त्रीला पाहून त्यानं हात धुतले, बसायला गोणपाट टाकलं, गुळाचा खडा आणि पाणी आणलं. कुंडलिकनं पाण्याला हात लावला नाही. शेडमध्ये स्टड मऊ लागला होता तो, त्या सकाळी पाना नुसता फिरला होता तो, सगळं एका बैठकीत सांगून टाकलं. सारवासारव केली नाही.

गेणबानं ऐकून घेतलं. तो चिडला असता तर कुंडलिकला सोपं गेलं असतं. तो आळ्यात शिरणाऱ्या पाण्याकडे बघत होता. पाणी भरलं तशी उठून त्यानं बारं मोडलं, पाणी दुसऱ्या आळ्याला धरलं, आणि पाठमोराच बोलला.

"सर्व्हिस मोटार उभी हुती, मिस्त्री. ती हळू जाती. पर जाती."

थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "मी तिला जा म्हनलं. मला वाटत हुतं माजंच चुकलं. रोज वाटायचं."

एवढं बोलून त्यानं खोरं उचललं. कुंडलिकला वाटलं होतं की सांगितल्यावर छाती हलकी होईल. तसं झालं नाही. पण एका माणसाच्या डोक्यावर महिनाभर भलताच धोंडा होता आणि तो आपण उतरवू शकत होतो, उतरवला नव्हता, हे त्याला तिथं कळलं. तो उठला. जाताना धोंडाबाई वाटेत भेटली. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं पदर पुढं ओढला आणि बांध उतरून बाजूनं निघून गेली.

पुढल्या उन्हाळ्यात गेणबा आईला घेऊन करमाळ्याकडे मामाच्या गावी निघून गेला. बापूसाहेबांनी गाडी पुन्हा शेडला आणून टाकली. कुंडलिकनं ती नाकारली नाही. हेड उतरवलं, एकेक भोक तपासलं, तिसऱ्यासकट चार भोकं मोठी करून जाड स्टड घडवले. या खेपेस पाहुणे दारात आले तेव्हा तो म्हणाला, अजून आठ दिवस. आणि आठ दिवस घेतले. गाडी पुण्यापर्यंत जाऊन आली, पाण्याचा थेंब गळला नाही. बापूसाहेबांनी तिच्यात बसून एक चक्कर मारायचा आग्रह केला, तो त्यानं मानला नाही.

तिथून पुढं त्याच्या धंद्याची रीत बदलली. काम करून दिलं की तो मालकाला बाजूला घेऊन सांगे, हे चांगलं आहे, हे अजून कच्चं आहे, हे अमुक दिवसांत मोडेल. लोकांना ते आवडायचं नाही. इंजिन घेऊन जाताना असलं बोलणं म्हणजे अपशकुन. गुऱ्हाळवाले हळूहळू तांदूळवाडीच्या वेशीवरच्या दुसऱ्या मिस्त्रीकडे जाऊ लागले. तो म्हणे, घेऊन जा, काळजी नको. बनाबाई एकदा म्हणाली, सगळंच सांगत बसलात तर शेडला कोण येणार? तो एका पंपाचं हेड काचेवर घासत होता. उचलून पाहिलं, एका कोपऱ्याला काळं लागलं नव्हतं, आणि त्यानं पुन्हा खरवडायला घेतलं.