विजयाबाईंचं ‘गुड’

विजयाबाईंच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती. सावेडीहून सकाळची एसटी धरायची, पाथर्डीकडच्या एका गावातल्या शाळेत इंग्रजी शिकवायला उतरायचं आणि पहिल्या बाकापासून सुरुवात. “काय रे, जीभ घरी खुंटीला टांगून आलास?” वर्ग फिदीफिदी हसायचा. ज्याची सालं निघाली, तोही हसायचा. न हसून सांगतो कुणाला?

बालविवाहाच्या विरोधात शाळेत कार्यक्रम झाला, तेव्हा पाहुण्यांसमोर बाईंनी माईक घेतला. “घरात लग्नाचं घाटतंय असं दिसलं की मला नुसतं कळवा. मी थांबवीन. कसं थांबत नाही तेच बघते!” टाळ्यांचा कडकडाट झाला. नववीतल्या ज्ञानेश्वरीनं ते बोलणं मनात जपून ठेवलं. वेडी पोर!

ती दहावीत गेली आणि दसऱ्याच्या तोंडावर तिचं लग्न ठरलं. ऊसतोडीला एकट्या गड्याला मुकादम घेत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. चोवीस वर्षांच्या वाल्मिकला हंगामाआधी जोडी हवी होती, आणि ज्ञानेश्वरीची आई कडूबाई म्हणाली, “लई शिकलीस. आता कोयता धर.” पोरीला मात्र दहावीची परीक्षा द्यायची होती.

त्याच आठवड्यात बाईंनी भविष्यकाळ घेतला. “मनात आत्ता आलं तर विल. आधीच ठरलेलं असेल तर गोइंग टू. घरात काय काय ठरलंय, पाच वाक्यं लिहून आणा.” नमुन्यादाखल फळ्यावर एक वाक्य लिहिलं: उद्या पाहुणे येणार आहेत.

वर्गात तोंडानं सांगायची पोरीची छाती नव्हती. पण घरात इंग्रजी कुणाला वाचता येत नव्हतं. तिनं शब्द जुळवून जुळवून इंग्रजीत लिहिलं: रविवारी माझं लग्न होणार आहे. सोमवारी आम्ही ऊस तोडायला जाणार आहोत. मी परीक्षा देणार होते. मी पुढच्या वर्षी सोळा वर्षांची होणार आहे. बाई, तुम्ही थांबवाल.

बाई वह्या एसटीत तपासायच्या. बासष्ट वह्या, सावेडी यायच्या आत संपवायच्या. नजर फक्त क्रियापदावर, बाकी वाक्य गेलं उडत. टिक, टिक, टिक. खाली लाल शाईत ‘गुड’.

दुसऱ्या दिवशी वही उंच धरून बाई म्हणाल्या, “शिका जरा हिच्याकडून, ठोंब्यांनो!” ज्ञानेश्वरीला वाटलं, बाईंना कळलं. आता त्या येणार.

रविवारी हळदीच्या अंगानं ती बसली होती. रस्त्यावर जीप वाजली की मान वर करायची. “खाली बघ, नवरी हायेस,” कडूबाईनं चिमटा काढला. अक्षता पडल्या. सोमवारी ट्रक श्रीगोंद्याकडे निघाला. शाळेत हजेरी घेताना बाई म्हणाल्या, “गेली वाटतं उसाला,” आणि पुढचं नाव घेतलं.

जानेवारीत भाचा केदार याच्या गाडीतून बाई श्रीगोंद्याला हळदीकुंकवाला निघाल्या. वाटेत उसाच्या ट्रॉलीमागे गाडी अडकली. डोक्यावर मोळी घेऊन एक पोरगी फळीवरून ट्रॉलीत चढत होती. बाईंनी ओळखलं आणि खाली उतरल्या.

“अगं ज्ञानेश्वरी! लग्न केलंस? मला सांगायचं नाही का? मी थांबवलं असतं!”

पोरीनं मोळी टाकली. “लिव्हलं हुतं की, बाई. तुमी गुड दिलं.”

“ए, उभी काय राह्यलीस?” वाल्मिक खालून ओरडला, आणि पोरगी फळीवरून उतरून पुढच्या मोळीकडे गेली. मागून गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

यंदा भविष्यकाळ आला तेव्हा बाईंनी वह्या घरी नेल्या. चष्मा पुसून एकेक वाक्य दोनदोनदा वाचलं. पण ज्ञानेश्वरीच्या वहीची गोष्ट तोवर गावातल्या पोरींना ठाऊक झाली होती. दसऱ्याआधी वर्गातल्या दोघींची लग्नं ठरलेली होती, त्यांच्याही वह्या त्यातच होत्या. साऱ्या पोरींच्या वह्यांत फळ्यावरचं एकच वाक्य पाच-पाच वेळा उतरवलेलं होतं: उद्या पाहुणे येणार आहेत.