पाच नंबरची जागा

माणसाचा गुडघा बदलता येतो, पण आमच्या मामेसासऱ्यांचा बेत बदलता येत नाही, हे मी आता छातीठोकपणे सांगू शकतो. त्यांचा उजवा गुडघा डॉक्टरांनी गेल्या पावसाळ्यात काढून नवा घातला. बेत मात्र जुनेच राहिले, कारण त्यांना हात लावायची हिंमत डॉक्टरांचीच काय, मामींचीही होत नाही.

हे माझ्या बायकोचे मामा. चांदवड तालुक्यातल्या एका खेड्यातून फौजेत गेले, तोफखान्यात हवालदार होऊन निवृत्त झाले आणि नाशिकरोडला नेमके आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये राहायला आले. बायको याला योगायोग म्हणते. मी काय म्हणतो ते तिला सांगत नाही. सातला निघायचं ठरलं की हे पावणेसातला खाली उभे, आणि मी सात वाजून एक मिनिटाने जिना उतरलो की घड्याळाकडे असे बघतात, की मलाच मेल्याहून मेल्यासारखं होतं. पलंगावरची चादर इतकी ताणून खोचतात की आत शिरायची सोय नाही. एकदा त्यांच्याकडे मुक्काम पडला तेव्हा मी रात्रभर चादरीच्या वरच कुडकुडत पडलो होतो. लग्नात बुफेची रांग लावायला यांना कोणी सांगितलेलं नसतं, तरी लावतात. एकदा प्रत्यक्ष नवरदेवाच्या काकांना त्यांनी रांगेच्या शेवटी पाठवलं आणि काका निमूटपणे गेले. रोज सकाळी बुटांना पॉलिश. स्वतःचे बूट झाले की दाराशी जे सापडेल त्याला. माझ्या तांबूस कोल्हापुरी चपला मी चहा पिऊन बाहेर येईपर्यंत काळ्याकुळकुळीत झाल्या होत्या. मी तोंड पाडलं, तर म्हणाले, "आता कशा माणसाच्या दिसत्यात."

पण माझं खरं दुखणं वेगळं होतं. तोफेवर प्रत्येक माणसाला नंबर असतो आणि मामांनी घरातही तीच पद्धत चालू ठेवलीय. हुकूम देणारा एक नंबर, म्हणजे अर्थातच मामी. मुलगा दोन, सून तीन. मामा स्वतः चार. तोफेत गोळा भरायचं काम चार नंबरचं. आणि मी, घरचा जावई, सहा! माझी बायको सात, पण तिला त्याचं काही सोयरसुतक नाही. मला मात्र ते वीस वर्षं सलत होतं. पाच नंबर रिकामा असताना मला सहावर का ढकललं? एकदा धीर करून विचारलंसुद्धा. मामा म्हणाले, "पाच नंबर ड्युटीवर हाय," आणि पेपर वाचायला लागले.

हाच घोळ संचलनातही. आमच्याकडच्या माजी सैनिकांची संघटना दरवर्षी थंडीत शहिदांच्या स्मृतिदिनाला संचलन काढते. शाळेच्या मैदानापासून स्मारकापर्यंत सव्वा किलोमीटर, तिघातिघांच्या ओळी. मामांच्या ओळीत मात्र दोघंच. उजवीकडे मामा, डावीकडे एक निवृत्त नाईक आणि मध्ये भोक. फोटोत ती ओळ दात पडल्यासारखी दिसते. संघटनेचे सेक्रेटरी दरवर्षी ओरडतात, की मधली जागा भरा. मामा दरवर्षी सांगतात, "जागा भरलेली हाय, साहेब." मी म्हणायचो, वय झालं, चालायचंच.

यंदा गुडघ्यामुळे सेक्रेटरींनी मामांना संचलनामागच्या उघड्या जीपमध्ये बसायला सांगितलं. हार घालू, म्हणाले. मामांनी हार नको म्हणून सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून पार्किंगमध्ये कवायत सुरू केली. पहाटे साडेपाचला 'एक-दो-एक, एक-दो-एक'. तोफांनी कान गेलेले असल्यामुळे आपण किती मोठ्याने ओरडतोय याचा त्यांना पत्ता नसतो. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी तक्रार केली, तर मामांनी त्यांनाच चालायला खाली बोलावलं. आज गेटपर्यंत, उद्या दूध डेअरीपर्यंत, परवा भाजी बाजारापर्यंत. घरी आले की गुडघ्यावर बर्फ ठेवून भिंतीकडे तोंड करून बसायचे, म्हणजे चेहरा कोणाला दिसत नाही. मामींना तो न बघताही कळायचा. त्यांनी मला बोलावून घेतलं. "तुम्ही जावई, तुमचं ऐकतील," म्हणाल्या. माझं आजवर त्यांनी काय ऐकलंय, हे विचारायची ती वेळ नव्हती.

मी गेलो आणि फटकळपणे बोललो, की जीपमध्ये बसायला कमीपणा वाटतो का? आम्ही सगळ्यांनी तुमच्या हट्टापायी जीव मुठीत धरून बसायचं का? मामांनी बर्फाची पिशवी गुडघ्यावरून काढून बाजूला ठेवली.

"कमीपणा नाय, जावईबापू. जीपमधी त्याची जागा कशी ठेवू? तिथं लोक सरकून बसत्यात."

मग त्यांनी सांगितलं. पाच नंबर शेजारच्या देवळा तालुक्यातला होता. गोळा उचलून चार नंबरच्या हातात द्यायचा, हे त्याचं काम. प्रत्येक गोळा देताना 'ले भाऊ' म्हणायचा. एकाहत्तरच्या लढाईत एका सकाळी मामा तोफेशी हात पसरून उभे होते. "गोळा आलाच नाय," मामा म्हणाले. "वळून बघितलं, तर तो आडवा." मामा ओळीत नसले तर मागचा माणूस पुढे येणार, ओळ जुळणार आणि ती जागा बुजणार. म्हणून चालायचं. वीस वर्षं मी त्या नंबरासाठी रुसून बसलो होतो. मला माझीच लाज वाटली.

संचलनाच्या दिवशी मामींनी माझ्या हातात घडीची खुर्ची दिली आणि फुटपाथवरून मामांच्या बाजूने चालत राहा म्हणून बजावलं. मामा कोट, पदकं, टोपी घालून निघाले. अर्ध्यापर्यंत चाल बघण्यासारखी होती. रसवंतीपाशी पाय अडखळला. पुढच्या दहा पावलांत त्यांची ओळ मागे पडू लागली, मागच्या ओळी बाजूने पुढे निघून गेल्या, आणि पाठीमागची जीप हळूहळू त्यांच्या शेजारी आली. सेक्रेटरी उतरून त्यांच्या दंडाला धरू लागले. मी खुर्ची उघडली. मामांनी खुर्चीकडे पाहिलं, जीपकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बदली पाहिजे," ते म्हणाले. "पाच नंबर, रांगेत या."

काळ्या चपला, स्वेटर, काखेत खुर्ची, अशा अवतारात मी मधल्या जागेत शिरलो. मामांचा खांदा माझ्या खांद्यावर रेलला. हात धरू देईनात. नुसतं लागून चाला, म्हणाले. माझा डावा-उजवा सारखा चुकत होता आणि ते दात आवळून मला पाय सांगत होते. सेक्रेटरींनी जीप मागे घ्यायला सांगितली. स्मारकापर्यंतचे ते सहाशे मीटर मला आयुष्यात सगळ्यात लांब वाटले. तिथे शहिदांची नावं वाचून दाखवली. देवळ्याच्या त्या नावाला मामांनी सलाम ठोकला तेव्हा त्यांचा सगळा भार माझ्यावर होता, आणि मी रडत होतो हे कबूल करायला मला आता काही वाटत नाही.

घरी मामींनी एवढंच विचारलं, की खुर्ची उघडली का? मी सांगितलं, उघडली, पण कोणी बसलं नाही. त्यांनी ती घेतली आणि दारामागे ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला गेलो. खरं सांगतो, मनात थोडी आशा होती. मामा गॅलरीत पाय लांब करून बसले होते. मला बघून म्हणाले, "सहा नंबर, चहा गार व्हायलाय."

"आलो," म्हटलं. त्यांच्या शेजारी एक खुर्ची रिकामी होती. मी चहा घेतला आणि पलीकडे उंबऱ्यावर बसलो.