नऊ किलोची तंबूमावशी

तंबूमावशीने सव्वीस वर्षं तंबू शिवले आणि एकाही तंबूत ती कधी झोपली नाही. आता याला काय म्हणावं! कारखान्यातून निवृत्त होताना तिला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते तिने स्वयंपाकघरात टांगलं आणि त्याच्याखाली डोंगरांचा नकाशा चिकटवला. पाच दिवसांची वाट, उंचावरचं थंड वाळवंट, झाड औषधालाही नाही. दुसऱ्या दिवशी ओढा लागतो, त्यानंतर पाणी थेट चौथ्या दिवशी.

"आई, अगं तुझे गुडघे!" लेक म्हणाली.

"गुडघे पुढच्या वर्षी बदलायचेत. म्हणूनच यंदा."

लेकीने कपाळाला हात लावला.

वाटाड्या म्हणजे मावशीच्या तंबूंचं जुनं गिऱ्हाईक, तोंडाने फटकळ. "पन्नाशीच्या पुढच्यांना माझा एकच नियम," तो म्हणाला. "पाण्यासकट पाठीवर नऊ किलो. निघायच्या सकाळी मी स्वतः वजन करणार. काटा वर गेला की तिथूनच घरी. मग मावशी असो नाहीतर आत्या."

मावशीने पहिल्यांदा सॅक भरून काट्याला लटकवली तर चौदा किलो! खोड तिच्याच हाताची होती. शिवताना प्रत्येक शिवणीत दोन बोटं कापड जास्तीचं सोडायचं, उद्या उसवावं लागलं तर असावं म्हणून. तीच सवय सॅकमध्ये उतरली होती. दोन बॅटऱ्या, मोज्यांचे सहा जोड, साबणाच्या दोन वड्या, आणि 'असू दे, लागलं तर' म्हणून छत्री. वाळवंटात छत्री!

मग मात्र तिने कात्री उचलली. टूथब्रशचा दांडा अर्धा छाटला, टॉवेल कापून चतकोर ठेवला, सॅकचे नको ते कप्पे उसवून टाकले. रोज सकाळी पाण्याच्या भरलेल्या बाटल्या पाठीवर घेऊन ती चार मजले सहा वेळा चढायची-उतरायची.

"लिफ्ट बंद आहे का हो?" शेजारणीने विचारलं.

"चालू आहे की. मीपण चालूच आहे," मावशी धापा टाकत म्हणाली.

दुसरा स्वेटर तिने बाहेर काढला तेव्हा मायलेकींचं कडाक्याचं वाजलं. "तिथे रात्री बाटलीतलं पाणी गोठतं, आई!" "गोठू दे. वजनात बसत नाही." दोन दिवस लेक तिच्याशी धड बोलली नाही. पण काटा अखेर आठ किलो आठशेवर थांबला.

निघायच्या सकाळी लेक सोडायला आली. ऊन चांगलंच तापलं होतं. वाटाड्याने गाडीच्या टपाला काटा अडकवला, सॅक लटकवली आणि मान हलवली. नऊ किलो दोनशे.

"मावशी, मी आधीच सांगितलं होतं."

"थांब रे जरा. मी स्वतः मोजलंय." मावशीने तिथेच रस्त्यावर बसकण मारली आणि सॅक उपसली. झोपायच्या पिशवीच्या घडीत दुसरा स्वेटर निघाला.

लेक जमिनीकडे बघत होती. "लागला तर असावा म्हणून," ती पुटपुटली.

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढ्या एका स्वेटरपायी सगळं बोंबललं असतं! पण लेकीचा रडवेला चेहरा बघून तिचा राग निवला. हे जास्तीचं आत सोडायचं खूळ पोरीला लावलं कोणी? तिनेच ना.

"अंगावरचं मोजतोस का रे?" तिने वाटाड्याला विचारलं.

"नाही, अंगावरचं नाही मोजत."

मावशीने भर उन्हात स्वेटर चढवला आणि गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली. सॅक पुन्हा लटकली. आठ किलो आठशे. वाटाड्या हसत बाजूला झाला.

"आई, घामाघूम होशील गं," लेक डोळे पुसत म्हणाली.

"होऊ दे." मावशीने सॅक पाठीवर घेतली. "आणि परत आल्यावर गुडघे बदलायला मी एकटी नाही हं जाणार. भीती वाटते मला त्याची. तू चल बरोबर."