नावानंतरचा काळा पडदा

ऑपरेशन थिएटरच्या दाराला दोन झापा होत्या आणि मिटताना त्यांच्यामध्ये जराशी फट राहायची. माझा धाकटा भाऊ मंगेश स्ट्रेचरवर होता आणि माझा हात त्याने धरला होता, घट्ट. आयुष्यभर मीच त्याचा हात धरत आले होते, हे उलटं पहिल्यांदाच घडत होतं. मला वाटलं, आता काहीतरी निरवानिरवीचं बोलेल. तर हा पठ्ठ्या दाराकडे बघत म्हणाला, "ताई, हे दार बघ. आतला उजेड, बारीक फट, आणि मग कट. असा शॉट मागूनही मिळत नाय." हसायचा प्रयत्न केला त्याने, पण ओठ कोरडे पडले होते. मग अगदी हळू म्हणाला, "मने बीक लागे छे, ताई." घाबरला की तो पक्का सुरती व्हायचा. भीती वाटते हे त्याला मराठीत कधी म्हणताच आलं नाही, कारण आमच्या घरात त्याला घाबरायची मुभाच नव्हती. वॉर्डबॉयने स्ट्रेचर ढकललं, हात सुटला, फटीतून थोडा वेळ उजेड दिसला, मग तोही गेला. संध्याकाळी डॉक्टर त्याच दारातून बाहेर आले आणि त्यांनी मास्क खाली ओढला, तेव्हा ते बोलायच्या आधीच मला कळलं. आई बाकावर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती. तिलाही कळलं.

मंगेश भुताच्या सिनेमांचे टीझर कापायचा. नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण कधी दुपारी जेवून आडवं पडल्यावर फोनवर एखादा टीझर लागला असेल, सुरुवातीला पाळण्यातलं हसरं मूल, वाढदिवसाचा केक, मग काळं, मग तेच घर आणि एक दार उगाच उघडं... आणि शेवटी तुम्ही फोन छातीवर आपटला असेल, तर शक्यता आहे की ते काम सुरतेत, पांडेसरातल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत झालं होतं. गुजराती, हिंदी, दोन-चार मराठीही. आधी तो लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करायचा. नवरीच्या पाठवणीला इतकी करुण, काळोखी दृश्यं जोडायचा की पाहुण्यांना वाटायचं, मुलगी सासरी नाही, भलतीकडेच चालली. तेव्हा जिग्नेशभाई नावाच्या एका निर्मात्याने त्याला ओळखलं आणि भुतांकडे आणलं.

हे सगळं विचित्र होतं, कारण मंगेश हा आमच्या घरातला एकमेव माणूस, ज्याला कुणी कधी घाबरवलं नाही. आम्ही मूळचे अकोल्याकडचे. वडील कापडाच्या लूमवर कामाला म्हणून इथे आले आणि इथलेच झाले. मंगेश लहान असताना त्याला सांध्यांचा ताप आला आणि तो हृदयाच्या वॉल्व्हवर बसला. डॉक्टरांनी सांगितलं, मुलाला दगदग नको. आईने त्यात स्वतःच्या पदरची भर घातली, दगदग नको आणि भेवही नको. झालं! दिवाळीत त्याच्या हातात फक्त फुलबाजी. गल्लीत कुणी फुगा फोडला तर आई ओट्यावर येऊन उभी. "त्याले भेवाडू नका रे! त्याचं काळीज नाजूक हाये." बागुलबुवा हा शब्दसुद्धा घरात बंद. मी मात्र पहिल्यापासून भित्री, पालीला भिणारी, पाण्याच्या टाकीत वाकून बघायला भिणारी, पण माझ्या काळजाची कुणी चौकशी केली नाही.

गंमत अशी की आईला स्वतःला टीव्हीवरची भुताची मालिका फार आवडायची. बंद करणं तिच्या जिवावर यायचं. म्हणून ती मंगेशला मांडीवर घ्यायची आणि भूत यायची वेळ झाली की त्याच्या डोळ्यांवर तळहात ठेवायची. भाकऱ्या थापून रुंद झालेला तो हात, पण बोटं काही जुळायची नाहीत. मंगेशने सगळी मालिका आईच्या बोटांच्या फटींतून बघितली. पांढऱ्या साडीची एक उभी चिरी, अर्धा डोळा, कुणाचे तरी मागे जाणारे पाय... पुढे त्याच्या कामात हेच उतरलं. भूत तो कधी अख्खं दाखवायचा नाही. खिडकीच्या गजांमधून, कपाटाच्या फटीतून, वाळत घातलेल्या साड्यांच्या मधून. माणूस पुढे स्पष्ट, पाठमोरा, आणि मागे खोलवर धूसर काहीतरी, जे आधीच्या दृश्यात नव्हतं. जिग्नेशभाई वैतागायचे. मेकअपवाल्याने एवढा खपून चेहरा बनवला आणि हा माणूस तो दाखवायलाच तयार नाही. एकदा ते जिन्यातूनच ओरडत वर आले, "पण मंगेशभाई, एमां भूत क्यां छे?" मंगेशने माझ्याकडे बोट दाखवलं. "मारी बेनना मोढा पर."

भूत माझ्या तोंडावर असतं, हे खरं होतं. त्याच्या प्रत्येक टीझरची परीक्षा माझ्यावर व्हायची. रविवारची दुपार, जेवणं झालेली. मी पालिकेच्या मराठी शाळेत शिकवते, आठवड्यातून तेवढीच एक दुपार माझी, आणि ती हा हिसकावून घ्यायचा. खिडकीवर काळ्या कापडाचा तुकडा ओढायचा, वडिलांनी कधीतरी मिलमधून आणलेला. मला त्याच्या खुर्चीत बसवायचा आणि स्वतः माझ्या मागे लोखंडी पलंगावर. भिंतीवरचा झिरोचा दिवा चालू ठेवायचा. मी म्हणायचे, बंद कर ना, सिनेमासारखं वाटेल. तर म्हणायचा, "राहू दे, तुला कामाचा हाय." मला वाटायचं, माझ्या भित्रेपणाची कीव करतोय. टीझर संपला की एकच प्रश्न, "कुठे मिटलेस डोळे?" मी सांगायचे, बाई आरशाकडे वळते तिथे. तो मान हलवायचा आणि नुसतं काळं तिथून थोडं अलीकडे सरकवायचा. त्याचं म्हणणं असं, की माणूस भूत बघून भीत नाही, त्याच्या आधीच्या काळ्यात भितो, तेव्हा काळं योग्य जागी पडायला हवं. गंमत म्हणजे कधी मी खोटं सांगितलं, मास्तरीण असून भिते हे किती कबूल करायचं, तर तो लगेच पकडायचा. "खोटं! त्याच्या आधीच मिटलेस तू." मागून कसं कळतं तुला, असं विचारलं की नुसता हसायचा. मी समजत होते, माझे खांदे आकसताना दिसत असतील.

सगळ्यात वाईट शेवट. सिनेमाचं नाव येतं, बारीक पांढरी अक्षरं, हल्ली रक्त ओघळणारी लाल अक्षरं कुणी वापरत नाही म्हणे. नाव जातं, पडदा काळा होतो, आपण सुटलो म्हणून श्वास सोडतो, आणि तेव्हा शेवटचा झटका. आता हे सगळ्यांना ठाऊक झालंय, तरी प्रत्येक वेळी माणूस फसतो. मी फसू नये म्हणून नाव आलं की डोळे गच्च मिटून बसायचे. इतकी वर्षं नावानंतरचा तो काळा पडदा मी बघितलेलाच नव्हता. त्याच्या मॉनिटरची काचही जुनी, चकाकणारी, समोर ट्यूबलाइट असली की सगळी खोली तिच्यात उमटायची. जिग्नेशभाईंनी नवा, न चकाकणारा मॉनिटर देऊ केला तर याने नको म्हटलं. आम्हाला वाटलं, हट्टीपणा.

गेल्या वर्षी त्याला जिना चढताना दम लागू लागला. आईला कळू नये म्हणून मधल्या पायरीवर थांबून फोन बघितल्यासारखं करायचा. मी एकटीच त्याला घेऊन हृदयाची सोनोग्राफी करायला गेले. अंधारी खोली, काळा पडदा, आणि त्यावर पांढुरका वॉल्व्ह उघडतोय, मिटतोय, नीट मिटत नाहीये. मंगेश मान वळवून बघत होता. मी त्याच्याकडे बघत होते. भुताची भीती मी खूप अनुभवली, पण ती भीती वेगळी होती. तिला आवाज नव्हता. तपासणी करणाऱ्या बाई पुन्हा पुन्हा त्याच जागी यंत्र फिरवत होत्या. तेव्हा मंगेश म्हणाला, "ताई, ह्या एका शॉटला कट नको यार." मी त्याला दटावलं, असलं अभद्र बोलू नको म्हणून. आणखी काय करणार होते... त्या दिवसापासून ऑपरेशनपर्यंत मी रोज भीत होते. फळ्यावर लिहिताना भीत होते, फोन वाजला की भीत होते, फोन वाजला नाही तरी भीत होते.

तो गेल्यावर काही आठवड्यांनी जिग्नेशभाई घरी आले. आईसमोर मान खाली घालून बसले. मग मला म्हणाले, "बेन, मंगेशभाई केता'ता, मारी बेन जुए पछी ज फायनल." दवाखान्यात भरती व्हायच्या आधी त्याने शेवटचा टीझर पुरा केला होता, पण मी बघितल्याशिवाय तो पक्का धरायचा नाही असं त्यांना बजावून गेला होता. त्यांना सिनेमा लावायचा होता आणि त्यांनी तरीही वाट बघितली होती. मी हो म्हटलं आणि वर जायचं टाळत राहिले. रविवार आला की धुणं काढायचे, वह्या तपासायचे. भीती टीझरची नव्हती. तो बघून झाला की मंगेशचं माझ्यासाठी ठेवलेलं काही उरणार नव्हतं, आणि जोवर मी बघत नाही तोवर एक तरी गोष्ट संपायची बाकी होती. आईने हे ओळखलं. भांडी विसळता विसळता म्हणाली, "पाहून घे माय. त्यानं तुयासाठीच ठेवलं हाये." मग हात पुसत, जरा अवघडून, "मी येऊ काय वर? झाकू काय तुये डोये?" इतक्या वर्षांत माझे डोळे झाकायचं तिला पहिल्यांदा सुचलं. मी नको म्हटलं, आणि जिन्यात जाऊन रडले.

वर खोली होती तशीच होती. मी काळं कापड ओढलं, झिरोचा दिवा लावला, खुर्चीत बसले आणि टीझर सुरू केला. एक अंगण, कपडे वाळत घालणारी बाई, मध्ये साड्या. साड्यांच्या मधून काहीतरी हललं. मग काळं. मी सवयीने डोळे मिटणार होते, पण म्हटलं, हे शेवटचं आहे, बघ. आणि मी उघडे ठेवले. काळ्या काचेत मी दिसले. तोंड आवळलेलं, पदर मुठीत. माझ्या मागे झिरोच्या दिव्याचा पिवळा उजेड, त्यात लोखंडी पलंग, चादर न विस्कटलेली. बरोबर माझ्या खांद्याच्या वर मंगेशची जागा.

तेव्हा कळलं त्याला मागून कसं कळायचं. प्रत्येक काळ्यात तो काचेत माझा चेहरा बघायचा. दिवा त्यासाठी होता, ती जुनी काच त्यासाठी होती. आणि मी एकदा, एकदा जरी डोळे उघडे ठेवले असते, तर तोही मला दिसला असता, माझ्याकडे बघत बसलेला.

पुढे नाव आलं. नाव गेलं. काळा पडदा राहिला, मी झटक्याची वाट बघत बसले, जीव कानात आणून. काचेत पलंग तसाच रिकामा होता. झटका आलाच नाही... तो ठेवायचा राहिला, की त्याने मुद्दाम ठेवला नाही, आता कुणाला विचारणार? खाली आल्यावर जिग्नेशभाईंना फोन केला आणि सांगितलं, काही बदलू नका, शेवटी नुसतं काळं राहू द्या. त्यांनी जपून विचारलं, बेन, डोळे कुठे मिटले? मी म्हटलं, कुठेच नाही.

अजूनही रविवारी जेवणं झाली की मी वर जाते. कॉम्प्युटर लावत नाही. झिरोचा दिवा लावते आणि त्या बंद काचेसमोर बसते. मला अजून भीती वाटते, मागे वळून बघायचा धीर होत नाही. पण डोळे उघडे ठेवते, काचेतल्या त्याच्या जागेवर. खालून आई विचारते, "भेव वाटते काय?" मी म्हणते, हो. ती म्हणते, "मंग बस थोडी अजून."